बाईचा पाय पडला की बैठक मोडते

गावाचं नाव मी लिहिणार नाही. रेवसचा धक्का आणि थळच्या खत कारखान्याच्या चिमण्या यांच्यामधल्या किनाऱ्यावर ते कुठेतरी आहे, एवढं पुरे. ज्यांना अलिबागकडे जाऊन नुसतं शहाळं प्यायचं आणि फोटो काढायचे असतात, त्यांनी हे वाचलं नाही तरी काही बिघडत नाही. मी एकसष्ट वर्षांची, सांगलीची, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच एकटी इतक्या लांब गेले, आणि गेले तीही भांडणाच्या ठिकाणी. मुलगा म्हणाला, "आई, तुला कशाला पाहिजेत नसत्या उठाठेवी?" मी म्हटलं, "घरच्या उठाठेवी चाळीस वर्षं केल्या. आता परक्यांच्या करते."

ज्या कुंदाकडे मी गेले ती मासे विकते आणि ब्लॉग लिहिते. दोन्ही कामं एकाच फोनवर चालतात, म्हणून त्या फोनला कायम बोंबलाचा वास. गावातल्या बायकांचं काय चाललंय ते ती आपल्या बोलीत, जसंच्या तसं लिहिते. मी दोन वर्षांपासून वाचत होते. सुरुवातीला माझ्या खोडीप्रमाणे तिच्या चुका काढून पाठवायचे. तिनं उत्तर दिलं, "बाई, शुद्धलेखन तुमचं, दुखनं माझं." त्या दिवशी मी लाल पेन खाली ठेवलं.

तर झालं असं. तिच्या शेजारच्या यमुनाची मुलगी निशा, नवऱ्यानं मनगट मोडलं म्हणून माहेरी आली. गावकी बसली. गावकी म्हणजे गावातल्या पुरुषांची बैठक. तिथे बाईला बसता येत नाही, बोलता येत नाही. बैठकीनं ठरवलं, पोरीला परत पाठवा. निशा गेली. कुंदानं लिहिलं, "जिचा हात मोडला तिला कोनी विचारलं नाय. ज्यांचे हात धड हायेत त्यांनी निकाल दिला." खाली पंचांची नावं टाकली, सगळी. ते वाचलं गेलं दुबईपासून दापोलीपर्यंत. गावकीनं कुंदाचं घर वाळीत टाकलं.

दोन महिन्यांनी निरोप आला. रविवारी तिच्या नवऱ्यानं, हरेशनं, पंचांपुढे नारळ ठेवून माफी मागावी आणि कुंदानं तो मजकूर पुसावा. नाहीतर घर कायमचं बाहेर. माफीसुद्धा नवऱ्यानंच मागायची, कारण बाईला तिथे तोंडच नाही. मी फोन करून विचारलं, "तू काय करणार?" ती म्हणाली, "मना म्हाईत नाय." तिच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. मी पिशवी भरली.

शुक्रवार: रेवस

भाऊच्या धक्क्यावरून लाँच निघाली तेव्हा मी पांडुरंगाचं नाव घेऊन मधल्या बाकावर बसले. आमच्याकडे पाणी म्हणजे कृष्णा. ती पावसाळ्यात घरात शिरते हे खरं, पण बाकीचे दिवस दोन काठांत गुपचूप असते. इथे काठच दिसेना. शेजारच्या मुली पाखरांना गाठी-शेव उडवत होत्या, पाखरं हवेतल्या हवेत झेलत होती. मी मात्र डोळे मिटून खडीसाखर चघळली.

रेवसला ओहोटी होती. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या. खलाशानं हात पुढे केला, मी म्हटलं, "नको, मी उतरते." आणि उतरले ती थेट गाळात, गुडघ्यापर्यंत. पाय निघाला, चप्पल राहिली. खलाशी शांतपणे म्हणाला, "मावशी, ती आता समुद्राची."

एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला काळा चिखल, अशा थाटात मी रिक्षानं गावात पोचले. देवळासमोर समाजमंदिराची उघड्यावरची गुळगुळीत फरशी, कडेला नळ. आठ-दहा पुरुष बसलेले. मी नळाखाली पाय धुतला, फरशीवर चढले, नमस्कार केला आणि विचारलं, "कुंदाचं घर कुठे हो?"

 सगळ्यात म्हातारा होता तो गुडघ्यावर हात टेकून उठला. मग दुसरा. मग एकेक करून सगळेच उठले आणि खाली उतरून निघून गेले. मी मनात म्हटलं, बघा, कोकणातली माणसं. बाईमाणूस आली तर उठून उभी राहतात. आमच्याकडे एसटीत पोटुशीला जागा देत नाहीत.

कुंदाला हे सांगितलं तर ती ओट्यावर बसून पोट धरून हसली. सासू आतून म्हणाली, "दोन महिन्यांनी हसली गो." मग कुंदानं डोळे पुसत मला समजावलं. "बाई, ती बैठक चालू व्हती. त्या फरशीवर बाईचा पाय पडला की बैठक मोडते. उठावंच लागतं. मग फरशी धुवायची आनि परत नव्यानं बसायचं. जुना रिवाज हाय. तुम्ही नामाशेटची बैठक मोडून आलात."

नामाशेट म्हणजे मुख्य पंच. त्याच्या तीन होड्या आणि बर्फाचा कारखाना. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शनिवार: नागाव आणि परत

वाळीत टाकणं म्हणजे काय ते पुस्तकात वाचलं होतं. इथे सकाळी सातला बघितलं. कुंदा नळावर गेली तर बायका हंडे उचलून बाजूला झाल्या, कुणी वाईट बोललं नाही, कुणी काहीच बोललं नाही. दुकानदारानं मीठ दिलं नाही. नामाशेटचा बर्फ बंद, म्हणून बर्फ पलीकडच्या मोहल्ल्यातल्या हलीमाभाभीच्या टेम्पोतून येतो. तिच्यावर या गावकीची सत्ता चालत नाही. कुंदानं तिला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "आमच्यात जमात बसते. मला काय शिकवतेस? बर्फ किती पाहिजे बोल."

मी रागानं म्हटलं, "अगं, कायदा आहे याच्याविरुद्ध. तक्रार कर."

"लिहून ठेवलीय तक्रार. पोलीस दोन दिस येतील. तिसऱ्या दिशी आमची होडी वर ओढायला कोन येल? आनि ही?" तिनं आतल्या सासूकडे मान वळवली. म्हातारी अंगणात वाळवायला जवळा पसरत होती. तिला एकच भीती होती, आणि ती दिवसातून चार वेळा बोलून दाखवत होती. वाळीत टाकलेल्या घरात माणूस गेलं तर खांदा द्यायला कुणी येत नाही. "मना कोन नेल गो?" एवढंच म्हणायची आणि परत जवळा पसरायची.

गावात विकायला बंदी, म्हणून कुंदा टोपली घेऊन नागावला जाते. गावातली रिक्षा थांबत नाही, हमरस्त्यापर्यंत चालायचं, तिथून एसटी. मी सांगलीहून आणलेल्या चपलांच्या दुसऱ्या जोडीत, तिच्या मागे धापा टाकत. दोन्ही बाजूंना वालाची शेतं आणि त्यांच्यामागे वाड्या. नागावच्या किनाऱ्यावर केळ्याच्या आकाराच्या रबरी होडीवर बसून पुण्याच्या मुली अर्ध्या चड्ड्यांत किंचाळत होत्या. कुंदानं टोपली खाली ठेवून जरा वेळ बघितलं.

"या पोरींना गावकी काय बोलत नाय," ती म्हणाली. "पैसे घेऊन येतात म्हनून. आमी हितल्याच, आमाला फुकटची शिस्त."

जिथे ती रोज सुरमई देते त्या होमस्टेच्या मालकीणबाईंनी मला चहा दिला, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी दिली. मी मासे खात नाही, सकाळी म्हातारीनं हे ऐकून "मग जिती कशी?" असं विचारलं होतं. बिरडं मात्र असं होतं की मी ताट पुसून खाल्लं. मग बाई हलक्या आवाजात कुंदाला म्हणाल्या, "उद्यापासून नको आणूस गं. बाकीचे मासे तुमच्या गावातूनच येतात मला. फोन आला होता." त्यांनी कुणाचा ते सांगितलं नाही, कुंदानं विचारलं नाही.

परत येताना ती सुरूच्या सावलीत बसली आणि फोनवर लिहू लागली. मी म्हटलं, "काय लिहितेस?" तिनं दाखवलं. "आज एक गिराईक गेलं. ती बाई वाईट नाय, भ्यालेली हाय. आपल्याकडे बायका वाईट कमी आनि भ्यालेल्या जास्त." खाली शुद्धलेखनाच्या सहा चुका. मला एकही सापडली नाही असं मी ठरवलं.

दुपारी परड्यात कुंदा मासे साफ करत होती, मी खाटेवर. कुंपणापलीकडे निशाची आई यमुना कपडे वाळत घालत होती. ती कुंदाशी बोलत नव्हती. तिच्या मुलीबद्दल लिहिलं म्हणून रागावली होती की काय, हे कुंदालाही ठाऊक नव्हतं. अचानक ती माझ्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "पाहुनी, जेवलात का?"

मी म्हटलं, "जेवले की."

"गावकीनं त्या घराशी बोलायचं नाय असं सांगितलंय. पाहुनीशी बोलायचं नाय असं नाय सांगितलं. म्हनून तुमाला सांगते हां, दुसऱ्या कोनाला नाय." तिनं एक साडी झटकली. "निशाचा फोन आला सकाली. हात वाकडा बसला. भाकरी थापता येत नाय, म्हनून परत मारलीन. पाहुनी, जिनं कोनी ते लिहिलं, तिला बोलावं पुसू नको म्हनून. पन मी कोन बोलनार. मी नाय बोलत."

माझ्या पाठीमागे कोयत्याचा आवाज थांबला होता. मी मागे वळून बघितलं नाही, मला धीर झाला नाही.

दिवेलागणीला हरेश होडीवरून आला. शांत माणूस, बोलायच्या आधी हात पुसणारा. त्यानं पिशवीतून नारळ काढून देवापुढे ठेवला आणि म्हणाला, "उद्या मी माफी मागतो. आईचं वय झालं. तिला असं मरू देनार नाय मी."

कुंदानं चुलीवर भाताचं आधण ठेवलं. माझं तोंड मात्र कुठलं गप्प बसतंय? मी म्हटलं, "अरे, तिची चूक काय? तू पुरुष असून—"

"बाई," तो मला म्हणाला, आवाज न चढवता, "तुम्ही परवा गाडीत बसाल."

खरं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली. आमच्याकडे गावकी नाही, भावकी आहे. नवऱ्याच्या तेराव्याला दीर, चुलत दीर पुढच्या खोलीत बसले आणि माझी विहीर, माझा मळा, मी कुठे राहायचं, सगळं ठरवून उठले. मी आत काय करत होते? चहा. वीस कप चहा केला मी, साखर बेताची घालून. कुणी फरशीवर चढू नको म्हणालं नव्हतं. मीच गेले नाही.

हे मी त्या दोघांना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. कुंदा ऐकत होती, आणि मध्येच तिनं विचारलं, "बाई, काल तुम्ही फरशीवर चढलात तवा ते लगेच उठले?"

"लगेच. एक शब्द न बोलता."

"हं," ती म्हणाली, आणि भात वाढायला उठली.

रविवार: समाजमंदिर

दहाला बैठक बसली. पंचवीस-तीस पुरुष फरशीवर, बायका खाली, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या कडेला उभ्या. बायकांनी ऐकायला हरकत नसते. नामाशेट म्हणजे कुणी मिशीवाला खलपुरुष असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात चष्मा लावलेला, गोड बोलणारा गृहस्थ. "आपलीच पोरं हायेत," तो म्हणत होता, "चुकतात, आपन पोटात घालतो. हरेश, ये."

हरेश पुढे झाला. नारळ ठेवला. त्याची मान इतकी खाली होती की मला बघवेना. तो म्हणाला, "माझ्या बायकोनं..."

कुंदानं चपला काढल्या, पदर खोचला आणि फरशीवर चढली.

 नुसती उभी राहिली, मधोमध. क्षणभर कुणाला काही कळेना. मग परवाचा तोच म्हातारा सवयीनं गुडघ्यावर हात टेकून उठला. तो उठला म्हणून शेजारचा उठला. नामाशेट म्हणाला, "हरेश, बायकोला आवर."

हरेशनं वर बघितलं. आधी बायकोकडे, मग पंचांकडे. हात पुसले आणि म्हणाला, "शेट, बैठक मोडली ना? मोडल्यावर बोलायचं नसतं. तुम्हीच शिकवलंय." त्यानं नारळ उचलून काखेत मारला.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. शाळेत पोरांना दटावायचे तसं मी स्वतःला दटावलं.

कुंदा खाली उतरली, फरशी धुतली गेली. दोन बादल्या पाणी, खराटा. सगळे परत बसले, अर्धा तास गेला. नामाशेटनं घसा साफ केला, आणि बायकांतून यमुना निघून पायरी चढली.  तिचा नवरा फरशीवरून म्हणाला, "यमुने, खाली हो." ती म्हणाली, "पोरीला पाठवली तवा तू हितंच बसला व्हतास. मी खालीच व्हते." आणि मघाशी कुंदा उभी होती त्याच जागी जाऊन ती उभी राहिली. पुन्हा सगळे उठले. पुन्हा बादल्या.

तिसऱ्यांदा बसेपर्यंत बारा वाजायला आले. ऊन डोक्यावर, फरशी ओली, धोतरं आणि विजारी भिजलेल्या. भरती लागली होती, आणि भरती काही पंचांसाठी थांबत नाही. तरणी पोरं खाडीकडे बघत चुळबुळ करू लागली. नामाशेटचा गोडवा आता संपला होता. "आता कोन बाई चढली तर तिचं घर बाहेर," तो म्हणाला. "मेली तरी कोन शिवनार नाय."

आणि कुंदाची सासू काठी टेकत निघाली.

पायरी तिला चढवेना. मी पुढे झाले, तिनं माझा हात झिडकारला. मग एका बाईनं, जी आदल्या सकाळी नळावरून हंडा उचलून बाजूला झाली होती, तिनं काखेत हात घालून म्हातारीला वर चढवलं आणि तीही वरच राहिली. तिच्यामागे दोघी. मग मी मोजणं सोडलं. म्हातारी नामाशेटसमोर काठी रोवून म्हणाली, "नामा, तुझ्या आयशीनं नि मी एका टोपलीत म्हावरं विकलंय. कोन शिवनार नाय म्हनतोस? मना बायका नेतील. तुमी नका येऊ."

  पोरं उठली ती होड्यांकडे गेली. म्हातारे उन्हातून सावलीत गेले. नामाशेट म्हणाला, "पुढल्या रविवारी बसू." कुंदा म्हणाली, "बसा. आमाला पन रविवारी सुट्टीच असते." तिचं घर अजून वाळीतच होतं, कागदोपत्री म्हणाल तर. पण त्या फरशीवर आता वीसेक बायका उभ्या होत्या आणि सगळ्या एकदम बोलत होत्या, तिच्याशीच.

मी सोमवारी निघायचं म्हणून जेवून जरा पडावं म्हटलं. नारळ हरेशनं फोडलाच होता, म्हातारी माझ्यासाठी बिरड्यात घालायला खवत होती. तेवढ्यात यमुना कुंपण ओलांडून आली. कुंदाला म्हणाली, "चल."

"कुठं?"

"निशाकडे. आज नाय गेले तर परत धीर व्हनार नाय मना."

हलीमाभाभीचा टेम्पो बर्फ उतरवून उभाच होता. पुढे ती आणि यमुना, मागे बर्फाच्या ओल्या भुशात कुंदा आणि मी. रस्ता असा की माझी हाडं सांगलीपर्यंत मोजता आली असती. निशाचं सासर खाडीच्या पलीकडच्या गावात; घर पक्कं, दारात मोटारसायकल. सासरा ओटीवर होता. त्यानं आम्हा चौघींना खालून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "गावकीनं पाठवलंय?"

"नाय," यमुना म्हणाली. "मी आय हाय तिची."

"मग गावकीला घेऊन या. हे बायकांचं काम नाय."

आतून नवरा आला, दारात आडवा हात लावून उभा राहिला. मी कुंदाच्या मागे सरकले, खोटं कशाला सांगू. हलीमाभाभीनं मात्र मागे जाऊन टेम्पोचा हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. शेजारची दारं उघडली, माणसं बाहेर आली. चारचौघांत आडवा लावलेला हात जरा वेळानं खाली आला.

त्याच्यामागे स्वयंपाकघराच्या दारात एक पोरगी उभी होती, वीस-एकवीसची, उजवं मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं, बोटांना पीठ. ती आईकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिनं विचारलं, "आता काय ठरलं माझं?"

 कुंदा म्हणाली, "काय नाय ठरलं. तुला विचारायला आलोय. यायचंय का?"

निशानं ते ऐकलं, पण तिला ते पोचायला वेळ लागला. मग ती आत वळली. गॅसचं बटण बंद केल्याचा आवाज आला, आणि ती हाताचं पीठसुद्धा न धुता बाहेर आली.